कॅम्परव्हॅनमधील सामानाची कमी खर्चातील घरगुती व्यवस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर किंवा त्याच आकाराच्या गाडीत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून फिरणाऱ्या कुटुंबांना समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. मारुती ईकोसारख्या लहान गाडीत तात्पुरता बिछाना घालणाऱ्यांसाठी आणि भाड्याने मोटरहोम घेणाऱ्यांसाठी पुढे स्वतंत्र प्रश्न आहेत. येथे सुचवलेली बहुतेक कामे ड्रिल, करवत, टेप आणि शिलाई मशीन एवढ्या साधनांत घरी होऊ शकतात.

सामान ठेवायला जागाच पुरत नाही. सुरुवात कोठून करावी?

नवा कप्पा करण्यापूर्वी गाडी पूर्ण रिकामी करावी. इमारतीच्या वाहनतळावर किंवा अंगणात एक मोठी ताडपत्री अंथरून गाडीतील प्रत्येक वस्तू तीवर काढून ठेवावी आणि तिचे तीन ढीग करावेत: रोज हाताशी लागणाऱ्या वस्तू, मुक्कामावर पोहोचल्यानंतरच लागणाऱ्या वस्तू आणि अडीअडचणीला लागणाऱ्या वस्तू. याशिवाय एक चौथा ढीग आपोआप तयार होतो. मागच्या प्रवासात ज्यांना कोणी हातही लावला नाही अशा गोष्टी त्यात जमतात. जास्तीच्या कढया, चार माणसांसाठी बारा ताटे, घरी नको झालेली म्हणून गाडीत आलेली चादर असे त्याचे स्वरूप असते. हा ढीग घरात परत गेला की जागेची निम्मी तक्रार मिटते, आणि तीही एक रुपया खर्च न करता.

उरलेल्या वस्तूंची मापे घेऊनच कप्प्यांची मापे ठरवावीत. सुताराकडून आधी सुबक कपाट करून घ्यायचे आणि मग कुकर त्यात आडवा बसतो की उभा हे पाहायचे, हा क्रम गाडीत महागात पडतो, कारण घरातल्यासारखी दुसरी भिंत येथे उपलब्ध नसते.

गाडीवर आणखी किती वजन टाकता येईल हे कसे समजावे?

नोंदणी प्रमाणपत्रावर रिकाम्या गाडीचे वजन असते आणि भारासह अनुज्ञेय असलेले एकूण वजन त्यावर किंवा निर्मात्याने गाडीवर लावलेल्या पाटीवर मिळते. या दोन आकड्यांमधील फरक म्हणजे आपल्याला मिळालेली मुभा, असे मात्र समजू नये. पलंग, ओटा, टाकी, बॅटरी आणि पंखे बसवल्यानंतर रिकाम्या गाडीचे वजन मूळ आकड्यावर राहिलेले नसते. त्यामुळे इंधन आणि पाण्याची टाकी भरून, नेहमीचे सामान ठेवून गाडी वजनकाट्यावर न्यावी. साखर कारखाने, बाजार समित्या आणि खडी क्रशर यांच्या आसपास असे काटे असतात आणि किरकोळ शुल्कात वजनाची पावती मिळते. काटेवाल्याला विनंती करून आधी फक्त पुढची चाके आणि नंतर फक्त मागची चाके काट्यावर घेतली, तर भार कोठे साचला आहे हेही कळते.

त्यानंतरचा हिशेब सोपा आहे. सत्तर किलोंच्या सरासरीने चार माणसांचे २८० किलो होतात आणि शंभर लिटर पाण्याचे शंभर किलो होतात. बहुतेक गाड्यांत जागा संपण्याच्या आधी वजनाची मर्यादा संपते, म्हणून स्वस्त सुधारणांमध्ये हलक्या सुधारणांना नेहमी पहिला मान द्यावा, असे माझे मत आहे.

कप्पे करण्यासाठी कोणते साहित्य वापरावे? पीव्हीसी बोर्ड प्लायवूडपेक्षा हलका असतो ना?

हा समज फार पसरलेला आहे, आणि तो पुरता खरा नाही. आठ बाय चार फुटांच्या १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या एका तक्त्याचे वजन लाकडाच्या जातीनुसार साधारण तीस ते सदतीस किलो भरते, आणि त्याच मापाचा चांगल्या घनतेचा पीव्हीसी फोम बोर्डही तीस किलोंच्या जवळ जातो. पीव्हीसी बोर्डाचा खरा फायदा वजनात नसून पाण्यात आहे: तो कुजत नाही, फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. त्याचा तोटा असा की स्क्रूची पकड त्यात कमी टिकते, आणि रस्त्यावर सतत थरथरणाऱ्या गाडीत बिजागऱ्यांचे स्क्रू काही महिन्यांत सैल होऊ लागतात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेले तक्ते, मात्र गाडीत नकोच. ते प्लायवूडपेक्षा जड असतात आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात त्यांच्या कडा फुगून येतात.

वजन कमी करण्याचा खरा उपाय जाडी कमी करण्यात आहे. घरातील कपाटांना १८ मिलिमीटरची सवय झालेला सुतार गाडीतही तोच तक्ता सुचवतो, पण ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा किंवा सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा करून त्याला सहा मिलिमीटर प्लायवूडच्या बाजू लावल्या, तर तोच कप्पा जवळजवळ निम्म्या वजनात उभा राहतो. ज्या फळीवर माणूस बसणार किंवा झोपणार आहे तेथे १२ मिलिमीटरचा तक्ता आणि खाली एकमेकींच्या जवळ लावलेल्या आडव्या पट्ट्या पुरतात. ओट्याजवळ आणि जमिनीलगत आयएस ७१० चा, म्हणजे बाजारात मरीन म्हणून विकला जाणारा प्लाय घ्यावा आणि कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश देण्याचे टाळू नये, कारण पाणी पृष्ठभागातून नव्हे तर कडेतून शिरते. आणखी एक सूचना अशी की प्रत्येक कप्प्याला लाकडी दार असलेच पाहिजे असे नाही. जाड कॅनव्हासचा, खाली व्हेल्क्रो लावलेला पडदा दाराचे काम करतो, बिजागरी आणि कडी वाचवतो, आणि अरुंद वाटेत उघडलेल्या दाराचा कोपरा गुडघ्याला लागत नाही.

जड वस्तू कोठे ठेवाव्यात?

शक्य तितक्या खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, आणि डाव्या-उजव्या बाजूंना विभागून ठेवाव्यात. मागच्या चाकांच्या पलीकडची जागा मोठी आणि मोकळी दिसते, म्हणून पाण्याचे कॅन, बॅटरी आणि अवजारांची पेटी तेथेच जातात. त्याचा परिणाम आकड्यांत पाहावा. ३,३५० मिलिमीटर व्हीलबेसच्या (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये एवढे अंतर असलेल्या) ट्रॅव्हलरमध्ये मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे साठ किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर साठ नव्हे तर सुमारे ७८ किलो भार येतो आणि पुढची चाके सुमारे १८ किलोंनी हलकी होतात. पुढची चाके हलकी झाली की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमी विश्वासू होतात, आणि ताम्हिणी किंवा आंबा घाटाच्या वळणांवर ते जाणवते. त्यामुळे मागच्या टोकाला अंथरूण-पांघरूण, घडीच्या खुर्च्या आणि कपडे, तर मधल्या बाकाखाली पाणी, बॅटरी आणि अवजारे, अशी वाटणी करावी.

घाटात कप्प्यांची दारे आणि ड्रॉवर आपोआप उघडतात. स्वस्त उपाय कोणता?

घरातल्या कपाटांना लावतात तो मॅग्नेट कॅच गाडीत पुरत नाही. जोरात ब्रेक लावल्यावर आतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या पाऊणपट जोराने पुढे ढकलली जाते, म्हणजे आठ किलो डबे सहा किलोंचा धक्का देतात, आणि साध्या चुंबकाकडून हा धक्का सोसला जात नाही. त्याऐवजी लहान टॉवर बोल्ट, म्हणजे सरकती कडी, लावावा. तो दिसायला साधा आहे, पण बंद आहे की उघडा हे लांबूनही कळते. दिसण्याची हौस असेल तर बटण दाबून उघडणारे पुश लॉक मिळतात, मात्र त्यांसाठी दाराला मोठे गोल छिद्र पाडावे लागते. लहान मुले कपाटे उघडू नयेत म्हणून मिळणारे चिकटवायचे बेबी लॉक हलक्या कप्प्यांना चालतात आणि त्यांना छिद्र लागत नाही.

ड्रॉवरसाठी जुनी युक्ती अधिक भरवशाची आहे. टेलिस्कोपिक चॅनेल (एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) न लावता ड्रॉवर लाकडी पट्ट्यांवर सरकता ठेवावा आणि त्याच्या तळाच्या पुढच्या कडेला सुमारे एक सेंटिमीटरची खाच करावी. बंद केल्यावर खाच पुढच्या आडव्या पट्टीवर खाली बसते, आणि उघडताना ड्रॉवर किंचित उचलून मगच ओढावा लागतो. चॅनेल आधीच बसवलेले असतील तर दोन-तीन ड्रॉवरांच्या मुठींमधून वरून खाली एकच ॲल्युमिनियमची पट्टी किंवा काठी सरकवून ठेवावी.

उघड्या फळ्यांना पुढच्या बाजूने किमान पाच सेंटिमीटर उंचीची पट्टी लावावी आणि फळीवर रबरी जाळीदार मॅट अंथरावी. एवढे केले की अर्ध्या फळ्यांना दाराची गरजच उरत नाही.

स्वयंपाकाची भांडी फार वाजतात आणि डब्यांत जागा वाया जाते. काय करावे?

डबे चौकोनी घ्यावेत. गोल डबा जेवढ्या चौकोनात बसतो त्याच्या सुमारे एकवीस टक्के जागा कोपऱ्यांत रिकामी सोडतो, आणि त्याच कोपऱ्यांमुळे डबे एकमेकांवर आपटतात. मिसळणाचा डबा मात्र याला अपवाद करावा, कारण सात वाट्या एकाच झाकणाखाली राहतात आणि ओट्यावर पसारा होत नाही. त्याचे झाकण रुंद रबरबँडने बांधून ठेवावे. काचेच्या बरण्या शक्यतो नेऊ नयेत. लोणचे न्यायचेच असेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत आणि ती बरणी पिशवीत ठेवावी.

ताटे आडवी रचण्याऐवजी उभी ठेवावीत. घरातील स्टीलच्या मांडणीत असतात तशा फटी सहा मिलिमीटर प्लायच्या पट्ट्यांनी करता येतात, आणि पट्ट्यांच्या कडांना जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळली की आवाज थांबतो. पातेली एकात एक बसणारी निवडून त्यांच्यामध्ये जाड कापडाचे गोल तुकडे घालावेत. कुकरची शिट्टी काढून कुकरच्या आतच ठेवावी, म्हणजे मुक्कामावर ती शोधत बसावे लागत नाही.

बिछान्याखालची जागा मोठी आहे, पण मागची वस्तू काढायला सगळे उपसावे लागते.

याचे कारण ती जागा एकच मोठी पेटी म्हणून वापरली जाते. तिचे दोन भाग करावेत. मागच्या दारातून बाहेरून काढता येतील अशा वस्तू, म्हणजे खुर्च्या, ताडपत्री, जॅक आणि दोर, मागच्या भागात ठेवाव्यात. आतून लागणारे कपडे आणि पांघरुणे पुढच्या भागात ठेवावीत. मागच्या भागासाठी भाजी-फळांच्या बाजारात वापरतात ते प्लास्टिकचे क्रेट फार उपयोगी पडतात: ते मजबूत असतात, त्यांतून हवा खेळते, ओल धरत नाहीत आणि जुने मिळाले तर स्वस्तही पडतात. पलंगाची उंची ठरवतानाच क्रेटची उंची अधिक दोन सेंटिमीटर हे माप धरावे. क्रेटच्या खाली जमिनीला दोन गुळगुळीत पट्ट्या ठोकल्या की क्रेट रुळावरून सरकल्यासारखा बाहेर येतो, आणि तो आपणहून घरंगळू नये म्हणून पुढे बकलचा पट्टा लावावा.

पलंगावरचा तक्ता एकसंध न ठेवता तीन तुकड्यांत कापावा, म्हणजे एका माणसाला झोपेतून न उठवता दुसऱ्या बाजूचा कप्पा उघडता येतो. प्रत्येक तुकड्याला बोट जाईल एवढे गोल छिद्र पाडावे. उचलण्याची मूठ लागत नाही आणि गादीच्या खालून हवाही जाते. झाकण वर धरणारे गॅस स्प्रिंग सोयीचे असतात, पण कमी खर्चात भागवायचे तर छताच्या हँडलला अडकवता येईल असा हुक लावलेला पट्टा तेच काम करतो.

भिंती आणि छत यांचा उपयोग कसा करावा?

कापडी खिसे लावून. दाराच्या मागे टांगण्यासाठी चपलांचे जे अनेक खिशांचे पडदे मिळतात, ते गाडीच्या मापात कापून शिवता येतात. टॉर्च, औषधे, ब्रश, चार्जर, हिशेबाची वही या किरकोळ वस्तू त्यात राहतात. खालच्या कडेतून एक पातळ काठी घालून ती भिंतीला पट्ट्याने धरली नाही, तर सगळा पडदा वळणावर हेलकावे घेतो. छतालगत नायलॉनची जाळी ताणून बांधल्यास स्वेटर, टॉवेल आणि उशा तेथे राहतात. त्या जाळीत कोणतीही कठीण वस्तू ठेवू नये, हा नियम मुलांनाही सांगून ठेवावा.

गाडीच्या छताच्या कडांजवळ पडदा एअरबॅग (अपघातात खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या हवेच्या पिशव्या) असतील तर त्यांच्यासमोर काहीही टांगू नये. आपत्कालीन दार किंवा खिडकी कोणत्याही कप्प्याने अडवू नये.

पत्र्याला छिद्र न पाडता कप्पे बसवता येतात का?

हलके कप्पे नक्कीच येतात. मूळच्या पोलादी पत्र्यावर रबराचे आवरण असलेली चुंबके धरतात, मात्र फायबर किंवा ॲल्युमिनियमच्या भिंतीवर ती निरुपयोगी आहेत. दोन्ही बाजूंनी चिकटणारी व्हीएचबी प्रकारची, म्हणजे अति मजबूत पकडीची, टेप चांगली धरते, पण ती लावण्याची पद्धत बहुतेक जण घाईत उरकतात. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा, टेप जोर देऊन दाबावी आणि पूर्ण पकड येण्यासाठी बहात्तर तास तिच्यावर भार टाकू नये. नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतले तापमान बाहेरच्या पंचेचाळीस अंशांच्याही बरेच वर जाते, आणि त्या उष्णतेत साधा फोम टेप किंवा चिकट हुक हमखास सुटतो. म्हणून डोक्याच्या वर केवळ टेपच्या आधाराने काहीही लावू नये.

छिद्र पाडावेच लागले तर?

आधी गाडीच्या आतील बरगड्यांना कंपनीने ठेवलेली छिद्रे शोधावीत. त्यांत सहा मिलिमीटरचे रिव्हनट (पत्र्याच्या छिद्रात पक्के बसणारे आट्यांचे नट) बसवून बोल्ट आवळता येतात आणि नवे छिद्र टळते. जमिनीला छिद्र पाडण्यापूर्वी गाडीखाली जाऊन इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि तारा नेमक्या कोठून जातात हे स्वतः पाहावे. येथे अंदाज चालत नाही. कापलेल्या पत्र्याच्या कडेला लगेच झिंक प्रायमर लावावा आणि बोल्टभोवती पॉलियुरेथेन सीलंट भरावे. साधे नट थरथरीने सैल होतात, म्हणून आत नायलॉनचे कडे असलेले नायलॉक नट वापरावेत.

अशा बदलांना आरटीओची परवानगी लागते का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि गाडीचे मूळ स्वरूप बदलणारा रचनेतील फेरफार ‘बदल’ या व्याख्येत येतो. आसने कायमची काढणे, छत उंच करणे, खिडकी कापणे किंवा छतावर कायमस्वरूपी सांगाडा जोडणे या गोष्टी त्यामुळे आरटीओकडे चौकशी केल्याशिवाय हाती घेऊ नयेत, अन्यथा विम्याच्या दाव्याच्या वेळीही प्रश्न उभा राहू शकतो. क्रेट, कापडी खिसे, जाळ्या आणि उचलून बाहेर ठेवता येणारी पेटी हे मात्र सामानच राहते. या लेखातील बहुतेक सूचना सुट्या वस्तूंच्या आहेत, त्याचे एक कारण हेच आहे.

गॅस सिलिंडर आणि बॅटरी कोणत्या कप्प्यात ठेवावी?

दोघांना एकत्र कधीही ठेवू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो आणि गळती झाल्यास खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीच्या बाहेर उघडणारे भोक हवे आणि झोपण्याच्या भागाकडून तो कप्पा पूर्ण बंद हवा. सिलिंडर नेहमी उभा, पट्ट्याने बांधलेला असावा आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद असावा. १४.२ किलो गॅसच्या घरगुती सिलिंडरपेक्षा ५ किलोचा लहान सिलिंडर प्रवासाला सर्व दृष्टींनी बरा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन उलट हलका असल्याने तिच्या कप्प्याला वायुवीजन वरच्या बाजूला ठेवावे लागते. या दोन कप्प्यांच्या बाबतीत काटकसर करू नये. पेट्रोलचा कॅन गाडीच्या आत ठेवूच नये.

पावसाळ्यात कप्प्यांत बुरशी येते. ती कशी टाळावी?

रात्री झोपलेल्या माणसांच्या श्वासातील बाष्प थंड पत्र्यावर पाणी होऊन साचते आणि पत्र्याला चिकटून असलेला कप्पा ते शोषतो. कप्प्याची मागची बाजू आणि पत्रा यांत दोन सेंटिमीटरची फट ठेवावी, कप्प्याला वर आणि खाली छिद्रे ठेवावीत आणि झोपताना एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. गादीखाली सलग तक्त्याऐवजी फटी ठेवून पट्ट्या लावल्यास गादीचा तळ कोरडा राहतो. ओले रेनकोट आणि चपला यांसाठी दाराजवळ खाली ट्रे असलेली एक जागा राखून ठेवावी आणि ते सामान कोणत्याही बंद कप्प्यात जाऊ देऊ नये. सिलिका जेलच्या पुड्या कॅमेऱ्याच्या डब्यापुरत्या ठीक आहेत. मोठ्या कप्प्यात त्यांचा प्रभाव पडत नाही.

मारुती ईकोसारख्या लहान गाडीत यातले काय शक्य आहे?

तेथे एकच लांब पेटी करावी, जिच्यावर पलंग उलगडतो आणि जिच्या मागच्या टोकाला शेगडीचा ट्रे बाहेर येतो. शेगडी पेटवायची ती मागचे दार वर उघडून आणि ट्रे गाडीबाहेर काढूनच. पेटी दोन माणसांना उचलता येईल एवढ्याच वजनाची ठेवावी आणि गाडीतील मूळच्या बळकट जागांना पट्ट्यांनी बांधावी.

साहित्य कोठे स्वस्त मिळते?

पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत बिजागऱ्या, कड्या, पट्टे, टेप आणि नटबोल्ट एकाच फेरीत मिळतात. मुंबईत हार्डवेअर आणि दोरांसाठी नागदेवी स्ट्रीट, तर दिवे आणि तारा यांसाठी लोहार चाळ गाठावी. कॅनव्हास आणि रेक्झिनचे काम ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे कारागीर मजबूत करतात, आणि त्यांचा दोरा घरगुती मशीनच्या दोऱ्यापेक्षा जास्त टिकतो. जुन्या लाकडी फर्निचरच्या दुकानांत आणि इमारतींचे पाडकाम जेथे चालू असते तेथे सागाच्या पट्ट्या मिळतात.

भाड्याने घेतलेल्या मोटरहोममध्ये काय करता येईल?

छिद्र आणि कायमची टेप दोन्ही वर्ज्य असल्याने सर्व व्यवस्था बॅगेत मावणारी हवी: घडीचे कापडी खोके, रबरी मॅट, काही बंजी दोर, आंघोळीच्या पडद्यासाठी मिळणारी ताणून बसणारी नळी आणि चिमटे. ही नळी कपाटाच्या आत आडवी बसवली की डबे पुढे येत नाहीत. युरोपात मोटरहोम भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी एवढे लक्षात ठेवावे की तेथील बरीचशी मोटरहोम एकूण ३,५०० किलोंच्या मर्यादेत नोंदवलेली असतात. सहा माणसे, त्यांच्या बॅगा आणि भरलेली पाण्याची टाकी मिळून ती मर्यादा लवकर गाठली जाते. अशा वेळी टाकी पूर्ण न भरता निघावे आणि मुक्कामाच्या कॅम्पसाइटवर पोहोचल्यावर भरावी.